घरात लहान मूल: नाही

नागपूरला निघाले म्हटल्यावर कोल्हापुरातल्या आमच्या शेजारणीने संत्र्यांसाठी कापडी पिशवी आणून दिली. कशासाठी जाताय, असं तिने विचारलं आणि मी बावळटासारखं खरं उत्तर दिलं. लैंगिक गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांवरचे उपचार आणि त्यांचं पुनर्वसन, या विषयावर परिसंवाद आहे. तिने पिशवी परत मागितली नाही, पण संत्र्यांचा विषयही पुन्हा काढला नाही.

माझा या विषयाशी संबंध भाषांतरापुरता. आयुष्यभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, निवृत्तीनंतर एका संस्थेने उपचारकांसाठीची एक जाडजूड हस्तपुस्तिका मराठीत आणायला दिली. त्यात कोणत्या माणसापासून किती धोका आहे हे कसं ताडायचं, गटात बसवून त्याच्या सबबी त्याच्याच तोंडून कशा सोलून काढायच्या, औषधं कधी द्यायची, आणि सुटल्यावर त्याच्याभोवती चार साध्या माणसांचं वर्तुळ कसं उभं करायचं, हे सगळं होतं. शेवटी तक्ते होते. ते मी फार सुबक केले होते. पुस्तिकेत ज्यांच्याविषयी लिहिलं होतं त्यातला एकही माणूस मी पाहिला नव्हता. पाहायची इच्छाही नव्हती. असली माणसं आत आहेत तोवर बरी, असं माझं साधं मत होतं आणि ते मी भाषांतरात कुठेही डोकावू दिलं नाही.

नागपूर, शुक्रवार

डिसेंबरात नागपुरात विधिमंडळाचं अधिवेशन असतं. त्यामुळे परिसंवाद डिसेंबरात ठेवतात, म्हणजे मंत्री जवळ सापडतो. आणि त्याचमुळे राहायला खोली सापडत नाही. माझ्या लॉजमध्ये कुठल्याशा मोर्चाचे कार्यकर्ते जिन्यात झोपले होते. त्यांना ओलांडत मी सकाळी खाली उतरले आणि कोपऱ्यावर तर्रीपोहे खाल्ले. आम्ही कोल्हापूरकर तिखटाच्या बाबतीत गर्विष्ठ असतो. तर्री वाढणाऱ्याने किती टाकू विचारलं, मी हात आडवा धरला नाही, आणि पुढची दहा मिनिटं सीताबर्डीच्या रहदारीकडे पाण्यातून पाहावं तशी पाहत उभी राहिले. तो म्हणाला, "आराम से, ताई. पानी नका पिऊ, अजून लागते."

कार्यक्रम दहाचा होता. दीपप्रज्वलन सव्वाबाराला झालं. मंत्री आले नाहीत. त्यांच्याऐवजी त्यांचा संदेश आला आणि तो वाचणाऱ्याचाही सत्कार झाला. मग सत्कारांची जी लाट उठली तिच्यात संस्थेचे अध्यक्ष, माजी अध्यक्ष, सभागृह देणारे, माइक देणारे आणि मी असे सगळे न्हाऊन निघालो. शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. व्यासपीठ इतकं उबदार झालं की पंखे लावावे लागले.

भाषणं जेवणानंतर झाली. पहिले वक्ते म्हणाले, भर चौकात फाशी द्या. पुनर्वसनाच्या परिसंवादात हे जरा आडवळणाचं होतं, पण टाळ्या सगळ्यांत जास्त त्यांनाच पडल्या. दुसऱ्यांनी पहाटे उठून प्राणायाम सुचवला. तिसऱ्यांनी पडद्यावर बाण दाखवले. चौकटीतून बाण निघायचा, फिरून त्याच चौकटीत परत यायचा. या तिघांनीही, माझ्यासारखंच, असा एकही माणूस जवळून पाहिलेला नसावा. त्यांच्या बोलण्यात कुठे अडखळणं नव्हतं.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर पन्नाशीच्या एक बाई शेंगा सोलत बसल्या होत्या. टरफलं व्यवस्थित रुमालात. त्यांचं नाव प्रज्ञाताई. शिक्षा भोगून सुटलेल्या अशा पुरुषांचे गट त्या नागपुरातच, धंतोलीत चालवतात आणि माझी पुस्तिका वापरतात. तुमचे तक्ते छान आहेत, म्हणाल्या. मी सुखावले. तेवढ्यात संयोजकांनी जाहीर केलं की उद्या समारोपाला एका 'परिवर्तित बांधवाचा' सत्कार होईल. प्रज्ञाताईंनी शेंगा बाजूला ठेवल्या आणि उठून थेट विंगेत गेल्या. मी मागोमाग गेले. असं भांडण मी चुकवत नाही.

तो बांधव म्हणजे त्यांच्या गटातला एक माणूस होता आणि त्याला कोणीतरी परस्पर फोन करून बोलावलं होतं. समाजात सकारात्मक संदेश जाईल, असं संयोजक समजावत होते.

"सर, ज्या मुलीचं त्यानं वाटोळं केलं तिच्या घरी पेपर येतो," प्रज्ञाताई म्हणाल्या. "तिनं सकाळी उठून त्याच्या अंगावर शाल पाहाची का?"

संयोजकांनी मोठ्या मनाने तडजोड सुचवली: फोटो न काढता नुसतं श्रीफळ देऊ.

यात त्यांची वाईट बुद्धी नव्हती. आपल्याकडे कोणी काही केलं की सत्कार करतात, आणि कोणी काही करायचं थांबवलं तरी करतात. दुसरी पद्धतच ठाऊक नाही. प्रज्ञाताई मला बाहेर येऊन म्हणाल्या की त्या 'बरा झाला' हा शब्दच वापरत नाहीत. कोणी बरा होत नाही, रोज सांभाळतो. शाल मिळाली की माणसाला वाटतं काम झालं.

धंतोली, शनिवार

दुसऱ्या दिवशी मी समारोप बुडवला. धंतोलीत दर तिसऱ्या इमारतीला हॉस्पिटल आहे आणि दर दुसऱ्या माणसाच्या हातात एक्स-रेचं पाकीट. अख्खा विदर्भ तिथे रिपोर्ट काढायला येतो. आमच्याकडे देवळाबाहेर चपला असतात तशा तिथे सोनोग्राफीच्या दारात.

प्रज्ञाताईंची जागा एका त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर. खरी पाटी लावली तर घरमालक काढून टाकेल म्हणून दारावर 'संवाद कौशल्य वर्ग' लिहिलंय. परिणामी मुलाखतीची तयारी करणारी पोरं अधूनमधून फी विचारायला येतात. एक जण तर अर्धा तास गटात बसून गेला आणि शिकवणं चांगलं आहे म्हणाला.

त्या दिवशी गट नव्हता, वर्तुळाची बैठक होती. एका माणसाभोवती चार जण: निवृत्त नर्स, शिवणकामाचं दुकान चालवणाऱ्या बाई, कायद्याचा एक विद्यार्थी आणि एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर गिरधरभाऊ. मधला माणूस देवराव. पंचेचाळिशीचा. नागपुरात भाड्याने राहत असताना शेजारच्या मुलीवर त्याने अत्याचार केला होता. ती तेव्हा अकरा वर्षांची होती. सात वर्षं तुरुंगात काढून तो नवरात्राच्या सुमारास सुटला आणि आता फर्निचरच्या कारखान्यात रंधा मारतो. मालकाला सगळं ठाऊक आहे. ती मुलगी कुठे आहे ते प्रज्ञाताईंना माहीत आहे, त्याला नाही. मी विचारलं नाही.

मला वाटलं होतं चेहऱ्यावर काहीतरी दिसेल. काहीच दिसलं नाही, आणि त्याचाच राग आला. त्याने मला खुर्ची पुढे केली. चहाही त्यानेच ओतला. मी चहा घेत नाही असं सांगितलं आणि दिवसभर डोकेदुखी सोसली.

तुम्ही हे का करता, असं मी गिरधरभाऊंना विचारलं. इतका विश्वास कसा ठेवता? ते माझ्याकडे, विनातिकीट प्रवाशाकडे पाहावं तसे पाहत राहिले. "विश्वास कोन ठेवते, ताई? तीस वर्षं मी तिकीट पाहून गाडी सोडली. चांगल्या मानसाचंबी पाहिलं." रोज सकाळी ते देवरावला फोन करून तीन गोष्टी विचारतात: कुठे आहेस, कुठे जाणार, तिथे कोण असेल. उत्तर द्यायला वेळ लागला की स्वतः सायकल काढून जातात.

त्या दिवशीचा प्रश्न असा होता. देवरावची आई भिवापूरला धाकट्या भावाकडे अंथरुणाला खिळलेली होती, आणि त्याला तिथे कायमचं राहायला जायचं होतं. फार दिवस तिच्याजवळ उरलेले नाहीत, म्हणत होता. कायद्याने त्याला कोणी अडवू शकत नव्हतं. पण सुटल्यावर त्याने स्वतः सही केली होती की राहण्याचं ठिकाण वर्तुळाला विचारून ठरवीन. प्रज्ञाताईंनी चौकशीचा फॉर्म भरला होता, माझाच सुबक तक्ता. जागा, काम, शेजार, आणि 'घरात अठरा वर्षांखालील मूल राहते काय?' उत्तर: नाही. भावाला एक मुलगी होती, पण ती उमरेडला मामाकडे असते, असं भावाने फोनवर सांगितलं होतं.

एकच अडचण उरली होती. घरच्यांना इतकी वर्षं सांगितलं गेलं होतं की देवरावला फसवलं. वर्तुळाचा नियम असा, की ज्या घरात राहायचं त्या घरातल्या प्रत्येकाला खरं काय ते याच्याच तोंडून कळलं पाहिजे. सांगायला दुसऱ्या दिवशी प्रज्ञाताई आणि गिरधरभाऊ त्याच्याबरोबर जाणार होते. फॉर्म तुमचा आहे, तर भरलेला बघायला चला, असं प्रज्ञाताई मला म्हणाल्या. देवरावने मान डोलावली.

संध्याकाळी डोकेदुखी थांबावी म्हणून मी सांबारवडी खाल्ली. कोथिंबिरीचं सारण भरलेली खमंग गुंडाळी. ती खाताना आपण कोल्हापुरात कोथिंबीर नुसती वरून भुरभुरवतो याची पहिल्यांदा लाज वाटली.

भिवापूर, रविवार

उमरेडपर्यंत एसटीच्या काचेवर कोळशाची बारीक भुकटी बसते आणि उमरेड सुटलं की हवेला मिरचीचा वास लागतो. भिवापूरच्या मिरचीबद्दल तिथली माणसं मुलाच्या नोकरीबद्दल बोलावं तशी बोलतात. गावाबाहेर सातरे आहेत, म्हणजे मिरची पसरून देठ खुडायची अंगणं. लाल ढिगांत बायका ओळीने बसलेल्या, तोंडाला पदर. बसमध्ये बसल्या बसल्या मला सात शिंका आल्या. गिरधरभाऊ म्हणाले, कोल्हापूरचं तिखट बाटलीतलं असन. उत्तराऐवजी मला आठवी शिंक आली.

देवरावने वाटेत एकदाच प्रज्ञाताईंना विचारलं की आईसमोरच सांगावं लागेल का. त्या हो म्हणाल्या.

भावाचं नाव मनोहर. तो सातऱ्यावर मिरचीचं वजन करतो, बायको सुनंदा तिथेच देठ खुडते. विटांचं घर, पुढे ओसरी, आत आईची खाट. मनोहरने आमच्या पुढ्यात चिवडा ठेवला आणि भावाला मिठी मारली. सुनंदा स्वयंपाकघराच्या दाराआड होती. तिचा पदर आणि बांगड्यांचा हात तेवढा दिसत होता.

तिलाही बसवा, असं प्रज्ञाताई म्हणाल्या. मनोहर हसला. देवराव तिचा भासरा, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. भासऱ्यासमोर धाकटी सून येत नाही, बोलत तर नाहीच. लग्नाला चौदा वर्षं झाली, त्या दोघांत एक शब्द झालेला नव्हता. आमच्याकडे थोरल्या दिरासमोर डोक्यावर पदर येतो, पण तोंड बंद होत नाही. मी तर म्हणेन जास्त उघडतं. शेवटी सुनंदा उंबऱ्यावर, पाठमोरी बसली.

देवरावने सांगितलं. सरळ सांगितलं, हे कबूल करायला हवं. "मले कोनी फसवलं नाई. मी केलं. तिच्या मायनं विश्वासानं पाठवलं होतं तिले माह्या खोलीवर, डबा घेऊन. मी कोर्टातबी खोटं बोललो."

मनोहरने हातातली बशी खाली ठेवली. तो भावावर ओरडला नाही, आमच्यावर ओरडला. "काहून उकरून काढून राहिले तुम्ही हे? सात वर्षं मी गावाले सांगत फिरलो. भांडलो लोकाइसंग. आता कोनत्या तोंडानं जाऊ सातऱ्यावर?" आईने भिंतीकडे कूस बदलली. ते कसं जमलं कोण जाणे. तिला उठून बसताही येत नव्हतं.

मग प्रज्ञाताईंनी सुनंदाला विचारलं की तुमचं काय म्हणणं आहे. मनोहर म्हणाला, तिले काय विचारता.

"घर तिचंबी हाय ना गा," गिरधरभाऊ म्हणाले.

उंबऱ्यावरची पाठ तशीच राहिली. मग तिने प्रज्ञाताईंना विचारलं, "तुमच्या कागदावर काय लिवलं? घरात पोर नाई, असंच ना?"

"हो."

"पोरगी इथंच राहत होती, बाई. दहा वर्षांची हाय. भासरे सुटून आले अन् दिवाळीले मी तिले मामाकडं नेऊन घातली. शाळाबी बदलवली. म्हनून नाई पोर घरात."

मी त्या तक्त्याकडे पाहिलं. रकाना बरोबर होता. उत्तरही खरं होतं. एका मुलीला घराबाहेर काढून ते खरं झालं होतं, आणि ते आम्हा कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. कारण माहिती देणारा दीर नाहीतर नवरा होता आणि जिला माहिती होती ती दाराआड होती.

तुम्हाला कोणी सांगितलं होतं का, असं प्रज्ञाताईंनी हळूच विचारलं.

"कोनी सांगाले लागते का? भावाले फसवलं, फसवलं म्हनत तं पोरीचे बाबा, पन माह्या तोंडाकडं पाहून कधी नाई म्हनले."

मनोहर उठून ओसरीत गेला. तिथून परत आला नाही, पण लांबही गेला नाही.

प्रज्ञाताईंनी पेन काढलं. माझं चुकलं, मी तुमच्याशी बोलायला हवं होतं, असं त्या सुनंदाच्या पाठीला म्हणाल्या आणि 'नाही' खोडलं. परिसंवादात अख्ख्या दिवसात कोणी 'माझं चुकलं' म्हणाल्याचं मी ऐकलं नव्हतं.

मग सुनंदा वळली. पदर होता तिथेच होता, पण ती वळली आणि चौदा वर्षांत पहिल्यांदा भासऱ्याशी बोलली. "तुमीच सांगा. या घराबाहेर कोनं राहाचं? तुमी का तिनं?"

देवरावने आईच्या खाटेकडे पाहिलं. त्याला काय हवं होतं ते खोलीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. माझ्या मनात आलं की आता हा रडेल, मग सगळे विरघळतील आणि पोरगी आणखी वर्षभर मामाकडे राहील. आपल्याकडे असंच होतं. प्रज्ञाताई मदतीला आल्या नाहीत. गिरधरभाऊही चिवडा निवडत राहिले.

"पोरीले आना," देवराव म्हणाला. "मी नागपुरातच राह्यतो."

भिंतीकडून आईचा आवाज आला. "मंग मी मेल्यावर येशील का?"

याचं उत्तर माझ्या पुस्तिकेत नाही. ते सुनंदाने दिलं, तेही थेट त्यालाच. "गुरवारी येत जा. शाळेच्या टायमात. मी सातऱ्यावर नाई जात त्या रोजी. पन एकटे नका येऊ."

"मी येतो संग," गिरधरभाऊ म्हणाले. "मले पास हाय."

प्रज्ञाताईंनी नवा कागद काढून हे सगळं लिहिलं, सुनंदाला वाचून दाखवलं आणि पहिली सही तिची घेतली. 'मुलगी चारच्या आत घरी येते, त्याआधी निघायचं' हे तिने स्वतः वाढवून घेतलं. ओसरीतून मनोहरने मेहुण्याला फोन लावला. सुनंदाने तो हातातून घेतला आणि आजच आणून सोड म्हणाली, कपडे मागून आणू.

अर्धा तास देवराव आईजवळ बसला. आम्ही ओसरीत होतो. आत काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. आईचा हात त्याच्या मनगटावर होता एवढं दिसलं.

स्टँडवर सुनंदा आमच्याबरोबरच आली, मुलीला घ्यायला. बोर्डापाशी जाऊन देवरावने मुलीची, उमरेडहून येणारी गाडी किती वाजता आहे ते पाहिलं. आमच्या गाडीच्या वीस मिनिटं आधी. तो गिरधरभाऊंना काहीतरी बोलला आणि दोघं उमरेडच्या रस्त्याने, पुढच्या फाट्याकडे, उन्हात चालायला लागले.

मामाबरोबर मुलगी उतरली. दोन वेण्या, पाठीवर दप्तर, हातात एक कुंडी. मामाच्या अंगणातलं काहीतरी उपटून आणलं होतं. सुनंदाने आधी स्वेटर आणला का ते विचारलं आणि तो आणला नाही म्हणून रागावली. मग दप्तर स्वतःच्या खांद्यावर घेतलं. कुंडी मुलीने दिली नाही. दोघी बाजाराच्या बाजूला वळल्या.

फाट्यावर गिरधरभाऊंनी सवयीने हात दाखवून गाडी थांबवली. देवराव आत चढला, आमच्या सीटपाशी येऊन थांबला. चालून घामाघूम झाला होता. माझ्याकडेच पाहत त्याने विचारलं, "पोचली का पोरगी?"

मी हो म्हणायला तोंड उघडलं होतं. इतकं साधं विचारत होता, आणि दिवसभरात त्याने जे केलं त्याच्यापुढे एका शब्दाचं काय मोठंसं, असं मला वाटलं.

प्रज्ञाताईंनी माझ्या हातावर हात ठेवला. "ते तुम्ही विचाराचं नाही, देवराव," त्या म्हणाल्या.

तो बरं म्हणाला आणि मागे गिरधरभाऊंशेजारी जाऊन बसला.